घंटा कोणी वाजवायची?

१२ जुलै १९६१ हा बुधवार होता. शाळा सुरू होऊन महिना झालेला, पावसाळा भरात आलेला. पुण्याच्या नैर्ऋत्येला सुमारे चाळीस किलोमीटरवर, अंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं. तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवलेलं होतं. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्याचा जो मार्ग होता, त्याच्यावरचा भराव खचू लागला. आदल्या रात्री लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचत राहिले. सकाळी सातच्या सुमारास धरण फुटलं. ते पाणी खाली खडकवासल्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या धरणात आलं आणि पुढे तेही फुटलं. दुपारी मुठा नारायण पेठेतून, शनिवारातून, कसब्यातून वाहत होती आणि पलीकडे पुलाच्या वाडीतून, डेक्कन जिमखान्यावरून.

पुण्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. ज्यांनी पूर पाहिला नाही तेही ‘पुराआधीचं पुणं’ आणि ‘पुरानंतरचं पुणं’ असं बोलतात. धरण का फुटलं याची चौकशी झाली. आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि नंतर न्यायमूर्ती नाईक यांच्याकडे ते काम होतं. बांधकामाची घाई, अपुरं राहिलेलं काम, कुणाचा हट्ट, कुणाचं दुर्लक्ष यांवर साठ वर्षांहून जास्त काळ बोललं गेलं आहे. मला त्या दिवसातला एक वेगळाच तुकडा सतावतो. धरण फुटलं सातला, आणि पाणी शहरात चढलं त्यानंतर काही तासांनी. सकाळच्या सत्राची शाळा नेमकी त्याच काही तासांत भरते आणि सुटते.

शनिवार पेठेत तेव्हाही रमणबाग होती, अहिल्यादेवी होती. दोन्ही शाळा नदीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. नगरपालिकेच्या जमान्यापासूनच्या कितीतरी प्राथमिक शाळा पेठांमधल्या वाड्यांत आणि जुन्या इमारतींत भरत होत्या. अशा एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या जागी स्वतःला उभं करून पाहा. सकाळचे नऊ वाजले आहेत. कुणीतरी सांगत येतं की धरण फुटलं. दुसरा म्हणतो, अफवा आहे. नदी फुगलेली दिसते, पण पावसाळ्यात ती दर वर्षीच फुगते. शाळेत फोन असलाच तर एक, आणि तो करायचा कुणाला? व्हरांड्यात घंटा टांगलेली आहे. रुळाचा तुकडा असेल, नाहीतर पितळी थाळी. ती वाजवली तर पाचशे मुलं रस्त्यावर येतील. काहींची घरं उंचावर असतील आणि काहींची थेट काठावर. नाही वाजवली तर?

शाळेतल्या मुलांची सुरक्षितता म्हटलं की आपण अग्निशामक नळकांडी, जिने, जाळ्या, कॅमेरे मोजायला लागतो. ते मोजायलाच हवं. पण पुण्याचा आणि पुण्याबाहेरचा इतिहास वाचत गेलो तसं मला वाटू लागलं, की खरा प्रश्न या वस्तूंच्या आधी येतो: घंटा कोणी वाजवायची, आणि ती वाजवण्याआधी कुणाला विचारायचं?

पुरानंतर शहराने शाळांचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. घरं वाहून गेलेल्या लोकांची पहिली सोय शाळांमध्ये झाली. वर्गातले बाक भिंतीला लावून तिथे संसार मांडले गेले. पुढे गोखलेनगरकडे आणि इतरत्र निसेन हट आल्या, पूरग्रस्तांच्या वसाहती आल्या, मग शाळा रिकाम्या झाल्या. ही सवय शहराला कायमची लागली. ओढ्याला पूर आला, झोपडपट्टीला आग लागली, वाडा पडला, की लोकांना न्यायचं ते महापालिकेच्या शाळेत. निवडणुकीचं केंद्र शाळेत, लसीकरण शाळेत. संकटात शाळा ही इमारत म्हणून फार उपयोगी पडते हे आपण १९६१ मध्ये नीट शिकलो. संकट शाळा भरलेली असतानाच आलं तर काय, हा प्रश्न मात्र त्या गडबडीत मागे राहिला.

खरं तर हा प्रश्न पुण्यात त्याच्याही आधी येऊन गेला होता. १८९६च्या शेवटी मुंबईमागोमाग पुण्यात प्लेग आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. कायदा अगदी छोटा, चार कलमांचा. सरकारला वाटेल ते नियम करण्याचा अधिकार पहिल्या कलमांत, आणि त्या नियमांनुसार सद्हेतूने काही करणाऱ्यावर खटला भरता येणार नाही हे शेवटच्या कलमात. थोडक्यात, ठरवण्याचा हक्क वरच्यांना आणि ठरवल्याबद्दल संरक्षणही त्यांच्याच यंत्रणेला. पुण्यात त्या अधिकाराचं काय झालं, रँडच्या प्लेग समितीने घरांत शिरून काय केलं आणि २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडलं, हे आपण शाळेत शिकलेलो असतो.

त्याच काळातली, त्याच शहरातली दुसरी गोष्टही आपण शिकलेलो असतो, पण ती या गोष्टीशेजारी ठेवून वाचत नाही. यशवंत फुले यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई तिथे काम करत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या गायकवाडांच्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं तेव्हा त्या त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा जगला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. १८४८मध्ये भिडे वाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिलेल्या शिक्षिकेचा हा शेवटचा निर्णय. त्यासाठी त्यांनी कुणाची परवानगी घेतली नव्हती. कायद्याला जेमतेम पाच आठवडे झाले होते. एका बाजूला अधिकार होता आणि दुसऱ्या बाजूला समोर आजारी पडलेलं मूल दिसत होतं. आपल्या शाळांमधली सुरक्षितता त्यानंतरची सव्वाशे वर्षं या दोन टोकांमध्येच लोंबकळत राहिली आहे.

अधिकार आणि दिसणं यांच्यात अंतर पडलं की काय होतं याचं सगळ्यात भयंकर उदाहरण पानशेतच्या तीनच वर्षं आधीचं आहे, मात्र ते आपल्याकडचं नाही. १ डिसेंबर १९५८ रोजी अमेरिकेत शिकागोच्या ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ या शाळेला आग लागली. दुपारची वेळ, शाळा सुटायला थोडाच अवकाश. तळघराच्या जिन्याशी लागलेली आग बराच वेळ कुणाला दिसली नाही. धुराचा वास आल्यावर एक शिक्षिका मुख्याध्यापिकेला शोधायला गेली, कारण धोक्याची घंटा फक्त मुख्याध्यापिकेने वाजवायची असा शाळेचा नियम होता. मुख्याध्यापिका कार्यालयात नव्हत्या; त्या दिवशी त्या दुसऱ्या एका वर्गावर बदली शिक्षिका म्हणून गेल्या होत्या. शेवटी दोन शिक्षिकांनी स्वतःच्या जबाबदारीवर आपापले वर्ग बाहेर काढले. घंटा वाजली तोवर वरच्या मजल्यावरच्या वर्गांसमोरचा व्हरांडा धुराने भरला होता. ती घंटा अग्निशमन दलाला जोडलेलीही नव्हती. ९२ मुलं आणि ३ शिक्षिका गेल्या.

याच शाळेची काही आठवड्यांपूर्वी तपासणी झाली होती आणि शाळा त्यात उत्तीर्ण झाली होती. जुन्या इमारतीला नवे नियम लागू नव्हते. म्हणजे कागद पूर्ण होता, घंटाही होती. नव्हतं ते धूर दिसलेल्या माणसाला घंटेला हात लावण्याचं स्वातंत्र्य.

आपल्याकडे नियमांची मालिका अशाच मृत्यूंमागून आली. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा चार वाजायचे होते. घरं माणसांवर कोसळली, शाळा रिकाम्या होत्या. २६ जानेवारी २००१ला सकाळी पावणेनऊला कच्छ हादरला. प्रजासत्ताक दिन असल्यामुळे बरीच मुलं वर्गांऐवजी मैदानात होती, आणि अंजारमध्ये मात्र प्रभातफेरी अरुंद गल्लीतून चालली होती. त्या भूकंपात सरकारी आकड्यांनुसार ९७१ विद्यार्थी आणि ३१ शिक्षक दगावले. किल्लारीत वेळेने वाचवलं आणि कच्छमध्ये सुट्टीने बऱ्याच अंशी वाचवलं. दोन्ही ठिकाणी तो योगायोगच होता.

१६ जुलै २००४ला तमिळनाडूत कुंभकोणम इथल्या शाळेत पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून आग वर गेली, गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अविनाश मेहरोत्रा यांची याचिका गेली आणि १३ एप्रिल २००९ला निकाल आला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क येतो, असं न्यायालयाने म्हटलं. प्रत्येक शाळेत अग्निशामक साधनं हवीत, शिक्षकांना ती वापरायचं प्रशिक्षण हवं आणि इमारती राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे तपासल्या जाव्यात, असे आदेश दिले. महाराष्ट्राने त्याआधीच आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६चा कायदा केला होता. तो डिसेंबर २००८मध्ये लागू झाला. त्यानुसार इमारतीतली आगीची साधनं चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. शाळेच्या बससाठी २०११चे नियम आले आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती आली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६मध्ये आली.

यातला एकही नियम फुकटचा नाही. प्रत्येकामागे मेलेली मुलं आहेत, म्हणून कागदाची चेष्टा मला करायची नाही. पण हे सगळे नियम एका ओळीत ठेवून वाचले की जाणवतं: बहुतेक नियम शाळेने काय ठेवावं हे सांगतात, आणि कुणाला काय कळवावं हे सांगतात. शाळेतल्या कुणी, कुणालाही न विचारता काय करावं हे सांगणारी वाक्यं हुडकावी लागतात.

म्हणून मग आपल्याकडे संकटाला एकच उत्तर उरतं. सुट्टी.

ऑगस्ट २००९मध्ये हे पुण्याने पाहिलं. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि तो चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा. चार दिवसांत शहर बदललं. नायडू रुग्णालयासमोर रांगा लागल्या, मास्क मिळेनात, लोक तोंडाला रुमाल बांधून आणि गळ्यात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी अडकवून फिरू लागले. तपासणी केंद्रं उघडण्यासाठी जो कायदा वापरला गेला तो १८९७चाच, ज्या शहराच्या प्लेगमध्ये तो तापला त्याच शहरात पुन्हा. शाळा, महाविद्यालयं, चित्रपटगृहं बंद झाली. मी तेव्हा सातवीत होतो आणि आम्हा मुलांना आनंदच झाला होता. सुट्टी देणं चूक होतं असं मी म्हणत नाही. साथीत ते बरोबरच होतं. पण शाळा पुन्हा उघडल्यावर वर्गात ताप आलेल्या मुलाला कुठे बसवायचं, घरी कुणी न्यायचं, पालक कामावर असतील तर काय, हे कुणी ठरवलेलं असल्याचं मला तरी आठवत नाही. अकरा वर्षांनी, ९ मार्च २०२०ला, महाराष्ट्रातले कोविडचे पहिले रुग्ण पुण्यातच सापडले, आणि पुन्हा तेच हत्यार बाहेर आलं. त्या वेळी तर ते दीड वर्षाहून जास्त चाललं.

पुराचं तसंच. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगरचा भाग पाण्याखाली गेला, भिंती पडल्या, माणसं गेली. दुसऱ्या दिवशी शाळांना सुट्टी. २५ जुलै २०२४च्या पहाटे खडकवासल्यातून मुठेत सुमारे ३५ हजार क्युसेक वेगाने पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले बुडाले. आपल्याला वेळेत सांगितलं नाही, अशी तिथल्या रहिवाशांची तक्रार होती. धरण तेच, नदी तीच, आणि त्रेसष्ट वर्षांनीही प्रश्न तोच: वर कळलेली गोष्ट खाली किती वेळात पोचते? त्या दिवशीही जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी दिली. सुट्टीचा आदेश जिल्ह्याला एकदम लागू होतो. ओढ्याकाठची शाळा आणि टेकडीवरची शाळा त्याला सारखीच. तो रात्री निघाला तर उत्तम. सकाळी सातनंतर निघाला तर मुलं रिक्षात, बसमध्ये आणि वाटेवर असतात, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटात आदेशाचा फोटो खरा की गेल्या वर्षीचा यावर वाद चाललेला असतो. आणि दुपारी एक वाजता पाणी चढायला लागलं, तर सुट्टी या शब्दाला काही अर्थच राहत नाही.

त्या वेळेसाठी शाळेत आधी काय ठरलेलं असावं लागतं, हे ११ मार्च २०११ला जपानमध्ये दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसलं. इशिनोमाकी शहरातली ओकावा प्राथमिक शाळा नदीकाठी होती. दुपारी पावणेतीनला भूकंप झाला. शिक्षकांनी सरावाप्रमाणे मुलांना शिस्तीत मैदानात आणलं. पुढे सुमारे पन्नास मिनिटं सगळे तिथेच थांबले. शाळेच्या मागेच टेकडी होती. टेकडीवर जायचं की नाही यावर मोठ्यांचं एकमत होईना. मुख्याध्यापक त्या दिवशी रजेवर होते. शाळेकडे आपत्ती आराखडा होता. त्सुनामी आली तर कुठे जायचं, या रकान्यात ‘जवळची मोकळी जागा किंवा बाग’ अशा अर्थाचं मोघम वाक्य होतं. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पालक न्यायालयात गेले. सेंदाईच्या उच्च न्यायालयाने २०१८मध्ये दोष ठेवला तो त्या पन्नास मिनिटांपेक्षा आधीच्या तयारीवर: कुठे जायचं हे शाळेने आणि शिक्षण मंडळाने आधीच ठरवायला हवं होतं. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

दुसरी जागा कामाइशी. तिथे काही वर्षं कातादा नावाचे प्राध्यापक शाळांमध्ये शिकवत होते. त्यांच्या शिकवणीत तीन गोष्टी होत्या. ठरवून दिलेल्या अंदाजावर विसंबू नका. त्या क्षणी जमेल तेवढं करा. आणि पळायला पहिले तुम्ही निघा. उनोसुमाई भागात माध्यमिक शाळेची मुलं भूकंप थांबताच, घोषणेची वाट न पाहता, उंचाकडे धावत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलंही निघाली. ठरलेली जागा पुरेशी उंच नाही असं वाटलं तेव्हा सगळे आणखी वर गेले. त्या शहरातली जवळपास तीन हजार शाळकरी मुलं वाचली. ‘पहिले तुम्ही निघा’ हे ऐकायला स्वार्थी वाटतं. पण एकजण निघाल्याशिवाय दुसरा निघत नाही, हे माणसांच्या घोळक्याबद्दलचं साधं निरीक्षण त्यात आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे आळीपाळीने एकेका माणसाची ‘ऑन-कॉल’ पाळी असते. रात्री दोन वाजता यंत्रणा बिघडली की फोन त्याला जातो, आणि तो कितीही नवखा असला तरी आधीच लिहून दिलेल्या काही गोष्टी तो कुणाला न विचारता करू शकतो. नवीन बदल मागे घेऊ शकतो, एखादी सेवा बंद करू शकतो. दुसऱ्या दिवशी बैठक होते. ‘काय घडलं’ हे विचारलं जातं. ‘तुला कुणी सांगितलं होतं’ हे विचारायचं नाही असा दंडक असतो. धोक्याचा इशारा खोटा निघाला तरी त्याला कुणी बोलत नाही, कारण एकदा बोललं की पुढच्या वेळी तो आधी साहेबांना फोन करेल आणि साहेब झोपलेले असतील. हे शहाणपण आमच्या क्षेत्राला उपजत नव्हतं. बरेच पैसे बुडाल्यावर आलं. शाळेत पैशांपेक्षा मोठं काही पणाला लागलेलं असतं, आणि तिथे मात्र खोट्या इशाऱ्याची किंमत एका शिक्षकाला एकट्याने मोजावी लागते. २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा सद्हेतूने काम करणाऱ्या सरकारी आणि स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना न्यायालयापासून संरक्षण देतो. ‘कारणे दाखवा’ नोटिशीपासून, पालकांच्या ओरड्यापासून आणि शिक्षक-खोलीतल्या हसण्यापासून संरक्षण देणारं कलम कुठल्याच कायद्यात नाही.

महापालिकेच्या शाळेत हे आणखी अवघड होतं. पुण्यात एकाच इमारतीत सकाळी मुलींची शाळा आणि दुपारी मुलांची, किंवा एका मजल्यावर मराठी माध्यम आणि दुसऱ्यावर उर्दू किंवा इंग्रजी अशी व्यवस्था जुनी आहे. म्हणजे एक इमारत, पण मुख्याध्यापक दोन-तीन. खालच्या मजल्यावर धूर दिसला तर वरच्या शाळेची घंटा कोणाची? मागच्या फाटकाची किल्ली कोणत्या शिपायाकडे? सत्र बदलताना, एक शाळा सुटते आणि दुसरी भरते त्या पंधरा मिनिटांत जिन्यावर दोन्ही शाळांची मुलं असतात, तेव्हाचा हजेरीपट कोणता धरायचा? हे प्रश्न अग्निशामक नळकांड्याच्या प्रमाणपत्रात मावत नाहीत.

आपल्या कायद्यात एक जागा अशी आहे जिथे हा हक्क खाली आणला गेला आहे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांच्या संरक्षणाच्या २०१२च्या कायद्यात, गुन्हा घडल्याचं कळलेल्या कोणत्याही व्यक्तीने तो पोलिसांना कळवायचा आहे. मुख्याध्यापकांमार्फत, संस्थेच्या मान्यतेने वगैरे काही नाही. न कळवणं हाच गुन्हा आहे. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या प्रकरणानंतर शाळेच्या जबाबदार लोकांवर याच कारणाने गुन्हा दाखल झाला, आणि त्यानंतर राज्यातल्या शाळांना कॅमेऱ्यांचे, तक्रारपेटीचे आदेश निघाले. २०२२पासून शाळांमध्ये ज्या समित्या नेमायच्या आहेत त्यांचं नावच ‘सखी सावित्री’ आहे. नाव ठेवणाऱ्याला मुंढव्याची वाट आठवली असेल की नाही माहीत नाही, पण नाव अगदी योग्य पडलं आहे. आग, पाणी आणि भूकंपासाठीही असंच एक वाक्य हवं: ज्याला दिसलं त्याने वाजवायची.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागेल असं मला वाटत नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक महापालिका शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक आहेत. ही समिती एक ठराव करू शकते. शिपाई, पोषण आहाराच्या ताई, शिक्षक, आणि हो, सातवीतली मुलगीसुद्धा, धोका दिसला तर घंटा वाजवू शकते आणि घंटा चुकून वाजली म्हणून कुणालाही नोटीस दिली जाणार नाही. धोक्याची घंटा तासांच्या घंटेपेक्षा वेगळी वाजेल, आणि वीज गेली तरी वाजेल. मुख्याध्यापक नसतील तर कोण, आणि तेही नसतील तर कोण, अशी तीन नावं दारावर लिहिलेली असतील. एका इमारतीतल्या सगळ्या शाळांची धोक्याची घंटा एकच असेल. ‘जवळची मोकळी जागा’ असं न लिहिता, पुरात कुठे आणि आगीत कुठे, हे त्या जागेच्या नावासकट लिहिलेलं असेल, कारण पुरात मैदान उपयोगाचं नाही आणि आगीत गच्ची उपयोगाची नाही. नदी-ओढ्याकाठच्या शाळेने मुलांना घरी सोडायचं की वरच्या मजल्यावर ठेवायचं हेही आधीच ठरलेलं असेल. शाळेपेक्षा घर सखल जागी असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षिकेकडे असेल. या यादीला खर्च नाही. एका दुपारी फळ्यासमोर बसून ती तयार होते.

आणि मग सराव. आपल्याकडचे सराव बहुधा ठरलेल्या तारखेला होतात. अग्निशमन दलाची गाडी येते, मुलं रांगेत टाळ्या वाजवतात, प्रमुख पाहुण्यांचा सत्कार होतो, फोटो वर पाठवला जातो. असा सराव झालाच नाही असं कुणी म्हणू शकत नाही, पण त्यातून शाळेला कळत काहीच नाही. शिकागो आणि ओकावा, दोन्हीकडे ज्यांनी ठरवायचं ते त्या क्षणी जागेवर नव्हते. सराव करायचा तो याच परिस्थितीचा.

पुण्यात वर्तमानपत्रं दर १२ जुलैला पानशेतची आठवण काढतात. बुडालेल्या लकडी पुलाचे जुने फोटो पुन्हा फिरतात. त्या दिवशी महापालिकेच्या प्रत्येक शाळेत एकदा धोक्याची घंटा वाजावी, मधल्या सुट्टीत किंवा सत्र बदलताना, आधी न सांगता. ती कुणी वाजवली हे कुणीही विचारू नये. आणि त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मुद्दाम रजेवर असावं.